देवणीकरांची बेबी हिंदुस्तान

चिंचणी,
सोमवार, १४ ऑक्टोबर १९६८

ती. बन्सीदादास, नमस्कार.

काल ऐनवेळी तुला ताप आला आणि तू आला नाहीस, म्हणून देवणीकरांकडे जे झालं ते क्रमानं लिहिते.

१. गाडी अंगणात उभी होती. बेबी हिंदुस्तान, राखी रंग, सोळा वर्षांची. धुतलेली होती. पुढे दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळलेला.

२. मी बॉनेटला हात लावला. गरम होतं. म्हणजे मी आणि वहिनी पोचण्याआधी कुणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं.

३. गाडी दाखवण्याआधी आम्हाला आत बसवलं. आपल्याकडचा चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेव, मग दूध. खोलीत मारुतीराव देवणीकर, त्यांच्या पत्नी रत्नाबाई आणि आणखी तीन बायका होत्या. त्या तिघींपैकी एकीलाही गाडीतलं काही कळत नव्हतं, तरी त्या शेवटपर्यंत बसल्या.

४. रत्नाबाईंनी विचारलं, "चष्मा वाचताना लागतो, का रोजच?" मी म्हटलं, रोज. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं सगळ्यांना लांबचं दिसतं, बाई." यावर वहिनी घाईघाईनं म्हणाली की हिचा नंबर वाढत नाही. नंबर वाढतो की नाही हे वहिनीला कुठून माहीत?

५. मी प्रयोगशाळेतला लोहचुंबक नेला होता. तो मडगार्डांवरून फिरवला. डाव्या मडगार्डावर एका जागी धरला नाही. तिथे पत्रा गेलेला आहे आणि पुट्टी भरून वरून रंग दिला आहे. मी हे सांगितल्यावर एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

६. देवणीकरांचा मुलगा कमलाकांत ही गाडी वापरतो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मी त्याला म्हटलं, इंजिन गार होऊ द्या, मग मला ते सुरू करून पाहायचं आहे. तो "बरोबर आहे" म्हणाला, पण मारुतीराव म्हणाले, "एवढं थांबायला कशाला, चक्कर मारून या." चालवायला मला बसवलं. मागच्या सीटवर रत्नाबाई आणि वहिनी. मुलगा शेजारी. तो सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलला, "पुढे उजवीकडे खड्डा आहे." खड्डा होता.

७. परत आल्यावर किंमत विचारली. मारुतीराव म्हणाले, "किमतीचं काय घेऊन बसलीस पोरी. गाडी घरातच राहायची आहे."

८. गाडीचं नोंदणीपुस्तक मागितलं. ते "गावी, परभणीला भावाकडे" आहे.

९. गाडी नावावर करण्याच्या अर्जासाठी म्हणून रत्नाबाईंनी माझी जन्मतारीख, जन्मगाव आणि जन्मवेळ विचारली. पहिल्या दोन सांगितल्या. वेळ सांगितली नाही. परिवहन कचेरीला जन्मवेळ लागत नाही. मी परवान्यासाठी ठाण्याला जाऊन आले आहे, तिथला अर्ज मला पाठ आहे.

यावरून माझं मत असं झालं आहे की गाडी त्यांच्या नावावर नाही, किंवा कुठेतरी गहाण आहे, आणि गोड बोलून, खाऊ घालून, कागद न दाखवता ती माझ्या गळ्यात बांधायची आहे. "घरातच राहायची आहे" याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

तुला माहीत आहे मला गाडी कशासाठी हवी आहे, तरी पुन्हा लिहिते. आमच्या अणुवीज प्रकल्पाच्या पाणी-तपासणीत पाळीची जागा निघाली आहे. बायकांना सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही, म्हणून माझ्यासाठी सहाचीच पाळी उरते. त्या वेळेला पोचेल अशी बस चिंचणीवरून नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "एक डिसेंबरपासून स्वतःच्या सोयीनं येत असाल तर जागा तुमची. वीस नोव्हेंबरला मला नाव कळवायचं आहे." नाहीतर मी आहे तिथेच, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत.

देवणीकरांची तुझी ओळख कशी, आणि गाडी कुणाच्या नावावर आहे, हे कळव. ताप उतरला का?

नर्मदा

ता. क. वहिनीनं बळेबळे नेसवलेली मोरपंखी साडी धुऊन पाठवते. गाडीखाली वाकताना पदराला ग्रीस लागलं. ते निघालं नाही.


पालघर,
१८ ऑक्टोबर

चि. नर्मदा हीस बन्सीदादाचे अनेक आशीर्वाद.

अगं माझ्या माय, तू गाडी बघायला गेली होतीस का पंचनामा करायला? तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तर ती साडीचं ऐकून एकीकडे रडते आणि चुंबकाचं ऐकून एकीकडे हसते. लोकांच्या घरी लोहचुंबक घेऊन जातात का गं?

देवणीकर म्हणजे आपल्या परभणीकडची माणसं. मारुतीराव इकडे कामाच्या निमित्तानं आले आणि पालघरलाच राहिले. सरळ माणूस. आमच्या ट्रकांचा दगड त्यांच्या ओळखीनंच प्रकल्पावर जायला लागला. अशा माणसावर गहाणाचा संशय घेतेस? इंजिन गरम होतं, कारण मुलगा सकाळी खेड्यात गायीला सुई टोचायला गेला असेल. जन्मवेळेचं म्हणशील, तर ती विम्यासाठी लागत असेल. सगळं तुझ्या त्या एका अर्जातच असतं का?

खायला घातलं तर तेही संशयाचं. न घालते तर लिहिलं असतंस, "पाणीसुद्धा विचारलं नाही, यावरून गाडीत पाणी कमी असावं."

आता माझं ऐक. तू नवी शिकलेली. नव्या माणसाला ओळखीच्याच घरातली गाडी बरी. अडली तर हक्कानं सांगता येतं. ही गाडी हलकी आहे, स्टिअरिंग बाईमाणसाला जड जात नाही. घाई करू नकोस. दिवाळी होऊ दे, तुळशीचं लग्न लागू दे, मग बोलणी पुढं नेऊ. तोवर दुसरी गाडी बघायची नाही. एकीकडे शब्द टाकल्यावर दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही.

ताप उतरला. दिवाळीला ये. परभणीहून काकांचं, म्हणजे तुझ्या आप्पांचं, पत्र आलं होतं, ते तुझ्या काळजीत असतात.

तुझा,
बन्सीदादा


चिंचणी,
सोमवार, २८ ऑक्टोबर

ती. दादास, नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. रजा नव्हती, म्हणून आले नाही.

तुझ्या पत्रातली चार उत्तरं मी पुन्हा वाचली. त्यांतलं एकही उत्तर नाही. "असेल" आणि "असावं" याशिवाय तू काही लिहिलेलं नाहीस. गाडी कुणाच्या नावावर आहे हे मी विचारलं होतं.

आणि तुळशीच्या लग्नाचा गाडीशी काय संबंध?

इथे आणखी एक गोष्ट झाली. गुरुवारी मी कामावर असताना एक बाई आली आणि आमच्या घरमालकीण तानीबाईंकडे माझी चौकशी करून गेली. वर्णनावरून देवणीकरांकडे पदर लावून हसली तीच. तानीबाईंनी मला दारातच धरलं.

"बाय, तुजी लई इचारपूस झाली आज. पोरगी कवा येते, कवा जाते, कोन भेटाला येतं का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी बोलली, येते तवा थकून येते नि जाते तवा घाईत जाते. भेटाला कोन यील, तिचं तोंड बघून पोस्टमनपन लांबून कागद टाकतो."

"आणखी?"

"इचारते, मासली खाते का? मी बोलली, खात नाय, पन आमच्या चुलीवर बोंबील ठेवले का खिडकी उघडी ठेवून बसते. त्यावर तिनं नाक असं केलं. म्या बोलली, तुमचं काय जातंय, वासाला कोन हाताला धरून आनतं काय!"

मला वाटतं, गाडी हप्त्यानं द्यायची असेल, म्हणून मी पळून जाणारी नाही ना हे पाहत असावेत. पण हप्त्याचा विषय मी काढला नव्हता. आणि मासे खाण्याचा हप्ते फेडण्याशी संबंध लागत नाही. हा मुद्दा मी सोडून दिला आहे.

न सोडण्यासारखा मुद्दा पुढचा. बोईसरला एक इंजिनिअर आहेत, त्यांची बदली झाली. त्यांची फियाट मी आमच्या जीपवरच्या चिंतू ड्रायव्हरला घेऊन पाहून आले होते. गार इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. ब्रेक सरळ लागतो. कागद हातात. ते माझ्यासाठी थांबायला तयार होते. तुझं पत्र आलं, "शब्द टाकल्यावर दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही," म्हणून मी त्यांना आठवडाभर कळवलं नाही. परवा निरोप आला की गाडी गेली. मी साहेबांना गाडीचं नक्की आहे असं सांगून बसले आहे.

म्हणून आता तुझ्यामार्फत नको. मी आज कमलाकांत देवणीकरांना थेट पत्र टाकलं आहे. प्रश्न विचारले आहेत: गाडी कुणाच्या नावावर, ती विकण्याचा त्यांना अधिकार आहे का, गार असताना सुरू होते का, ब्रेक कसा लागतो, तळाचा पत्रा कसा आहे, आणि विकायचं कारण काय.

नर्मदा


पालघर,
३० ऑक्टोबर

चि. नर्मदा,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितो. त्यांना पत्र टाकलंस हे फार वाईट केलंस. मुलीनं असं परस्पर पत्र टाकायचं नसतं. निदान मारुतीरावांच्या नावानं तरी टाकायचं. पोरालाच टाकलंस! आता दुसरं टाकू नकोस आणि त्याचं उत्तर आलं तर आधी माझ्याकडे पाठव, न उघडता.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः चिंचणीला येतो. समक्ष बोलू. काही गोष्टी पत्रात नीट लिहिता येत नाहीत.

बन्सीदादा


पालघर,
सोमवार, ४ नोव्हेंबर १९६८

कुमारी नर्मदा मानवतकर यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. उत्तर द्यायला आठवडा लागला, त्याचं कारण पुढे येईल. आधी गाडीबद्दल विचारलंत ते.

गाडी माझ्या नावावर आहे. नोंदणीपुस्तक माझ्या कपाटात आहे. परभणीला नाही. वडिलांनी तसं का सांगितलं ते त्यांना विचारलं, तर म्हणाले की ऐनवेळी सुचलं ते बोललो.

गार असताना गाडी सेल्फवर सुरू होत नाही. हँडल मारावं लागतं, थंडीत दोनतीन वेळा. म्हणून त्या दिवशी आधी सुरू करून ठेवायला मला सांगितलं होतं. मला ते पटलं नव्हतं, पण केलं. ब्रेक डावीकडे ओढतो. सवय झाली की हात आपोआप उजवीकडे जातो, पण नव्या माणसानं अशा सवयीवर विसंबू नये. चालवणाऱ्याच्या पायाखालची चटई उचलली असतीत तर दिसलं असतं, तिथला पत्रा खारट हवेनं खाल्ला आहे आणि मी खालून लाकडाची फळी बसवली आहे. मडगार्डाचं आपण शोधलंतच. इंजिन मात्र चांगलं आहे. तेल मी वेळेवर बदलतो.

आता विकायचं कारण. गाडी विकायची आहे असं आमच्या घरात कधी ठरलंच नव्हतं.

आपल्या प्रश्नांवरून मला दिसतं की आपल्याला काही सांगितलेलं नाही. मला सांगण्यात आलं होतं की सगळं आपल्याला माहीत आहे. आपले वडील रामकिसनपंत यांनी माझ्या वडिलांना पत्र लिहिलं. मुलगी पाहायला या म्हटलं की मुलगी तयार होत नाही, दोनदा तसं झालं आहे, असं त्यात होतं. बन्सीरावांनी मार्ग सुचवला की मुलीला गाडी घ्यायची आहे, तर गाडी दाखवायच्या निमित्तानं तिलाच तुमच्या घरी आणतो. माझी समजूत अशी करून दिली होती की "गाडी पाहणं" हे फक्त लोकांत म्हणायचं, आपल्याला संकोच वाटू नये म्हणून. आपण चुंबक काढलात तेव्हा मला वाटलं, आपण फारच मन लावून निमित्त पाळता आहात. नंतर गाडीखाली वाकलात तेव्हा शंका आली. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी खड्ड्याबद्दल बोललो.

घरात आपण पसंत आहात. एका बाईंनी मासळीच्या वासाचा काही विषय काढला होता, पण आईनं तो मनावर घेतला नाही. तुळशीच्या लग्नानंतर बोलणी करायचं ठरलं होतं. बन्सीरावांनी असंही सांगितलं होतं की आपण नोव्हेंबरअखेर नोकरी सोडणार आहात, आणि ते आपल्याच इच्छेनं आहे. आपल्या पत्रात एक डिसेंबरपासून रोज सकाळी गाडी चालवून कामावर जाण्याचं लिहिलं आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, म्हणून हे पत्र लिहावं की नाही याचा विचार करत राहिलो.

घरी हे पत्र मी दाखवलेलं नाही.

कमलाकांत देवणीकर


चिंचणी,
गुरुवार, ७ नोव्हेंबर

दादास,

तू येणार होतास तो अजून आला नाहीस. आता येऊ नकोस.

देवणीकरांच्या मुलाचं उत्तर आलं, गाडीतला प्रत्येक दोष त्यानं लिहिला आहे. मी ते उघडून वाचलं. माझ्या नावाचं होतं.

मी इतके दिवस गाडीचा दोष शोधत होते. दर वेळी काहीतरी जुळत नव्हतं आणि मी ते गाडीवरच ढकलत होते. चष्मा, जन्मवेळ, मासे, तुळशीचं लग्न. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. मी ओळखलं नाही याचं एकच कारण: मुलगी पाहायला लोक मुलीच्या घरी येतात. मी आपल्या पायानं त्यांच्या घरी गेले होते. असं आपल्यात होत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या मात्र आलं.

हेही ठीक. तू मला फसवून सुशीला खायला नेलंस, एवढंच असतं तर एखाद्या वर्षानं मी हसलेही असते. पण मला दुसरी गोष्ट विचारायची होती, म्हणून काल कामावरून परस्पर बोईसरला गेले. ते इंजिनिअर अजून सामान बांधत होते. मी म्हटलं, माझ्यासाठी आणखी दोन दिवस थांबला असतात तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हम तो रुके थे, बहनजी. आपके भाईसाहब खुद आए थे. बोले, घर में मना हो गया है, बहन को गाडी नहीं चाहिए. चाय पीकर गए."

चहा पिऊन गेलास.

म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत थांब हे बोलण्यांसाठी नव्हतं. वीस तारीख निघून जावी यासाठी होतं. गाडी नाही, तर पाळी नाही. पाळी नाही, तर जागा नाही. मग नोकरीत राहण्यासारखं काही उरत नाही आणि तू त्यांना सांगितलेलं आपोआप खरं होतं. माझ्याच इच्छेनं.

मला दोन गोष्टी लिहून हव्या आहेत. एक, बोईसरला जायला तुला आप्पांनी सांगितलं, की ते तुझं होतं? दोन, माझी नोकरी सुटणार हे देवणीकरांना आप्पांनी सांगितलं, की तू?

"असेल" नको.

नर्मदा


पालघर,
९ नोव्हेंबर

चि. नर्मदा हीस आशीर्वाद.

वहिनीनं तुझं पत्र वाचलं. माझ्याशी कालपासून बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट पुढं सरकवते ते असं की आमटी माझ्या मांडीवर. तिला मी नोकरीचं आणि बोईसरचं काही सांगितलं नव्हतं. ती फक्त साडी नेसवायची धनीण.

तू लिहून मागितलंस म्हणून लिहितो. त्या फियाटचं मला आमच्या ट्रकवाल्यांकडून कळलं होतं, आणि बोईसरला मी माझ्या मनानं गेलो. काकांना ते माहीत नाही. नोकरी सुटेल हेही मीच सांगितलं. काकांनी एवढंच लिहिलं होतं की पोरगी समुद्रकाठी एकटी राहते, पहाटेच्या अंधारात गाडी हाकत जाणार म्हणते, काही झालं तर आम्ही परभणीहून केव्हा पोचणार? ते पत्र वाचून मला झोप लागली नाही. तू इकडे आलीस ती माझ्या भरवशावर. काही झालं तर लोक काकांना विचारणार नाहीत, मला विचारतील.

मला वाटलं, चांगलं घर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, सरकारी नोकरी आहे. एकदा जमलं की त्या पाळीला आणि त्या गाडीला तूच हसशील. आणि आमच्या दगडाचं काम मारुतीरावांच्या हातात आहे हेही खोटं नाही. त्यांना नाही कसं म्हणायचं ते मला कळेना. पण नुसत्या त्यासाठी केलं असं समजू नकोस.

आता जे झालं ते झालं. पण पोरगा खरंच चांगला आहे गं. तुला त्यानं न लपवता गाडीतले दोष लिहिले म्हणतेस. असा माणूस शोधून सापडत नाही. रागाच्या भरात त्यालाही तोडू नकोस. मी मध्ये पडतो, नोकरीचंही त्यांच्याशी बोलतो, हवं तर ते पाळीलाही हो म्हणतील. तू फक्त त्यांना काही लिहू नकोस. जे लिहायचं ते मला लिही, मी पोचवतो.

काकांना यातलं काही कळवू नकोस, ही विनंती.

बन्सीदादा


चिंचणी,
सोमवार, ११ नोव्हेंबर १९६८

श्री. कमलाकांत देवणीकर यांस, स. न. वि. वि.

आपलं चार तारखेचं पत्र मिळालं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, हा आपला अंदाज बरोबर आहे. ते आपण लिहून कळवलंत, त्याबद्दल आभार.

लग्नाच्या विषयावर माझं उत्तर "नाही" असं आहे. आपल्यात किंवा आपल्या घरात मला काही उणं दिसलं म्हणून नव्हे. मला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीला मी हो म्हणावं अशी सगळी तयारी झाली होती. नोकरी सोडण्याबद्दल आपल्याला जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. मी नोकरी सोडणार नाही. हे आपल्या आईवडिलांना माझ्या शब्दांत सांगावं. माझे भाऊ वेगळं सांगायला येतील. कालच मी माझ्या वडिलांनाही सगळं लिहिलं आहे.

हे उत्तर मी आधी देते आहे, म्हणजे खाली जे विचारते त्यावर आपण जे ठरवाल ते कशाच्याही बदल्यात नसेल.

मला आपली गाडी विकत घ्यायची आहे. ती विकायला काढलेली नव्हती, हे मला आता माहीत आहे. दवाखान्याला सरकारी जीप आली आहे आणि आपली गाडी बहुतेक अंगणातच उभी असते, असं त्या दिवशी आपले वडील बोलता बोलता म्हणाले होते. तेवढं तरी खरं असावं असं धरून विचारते. खरं नसेल आणि गाडी आपल्याला लागत असेल, तर हा प्रश्न सोडून द्यावा.

दोष आपण लिहिलेत ते मी समजून घेतले आहेत. हँडल मी मारू शकते, चिंतू ड्रायव्हरच्या देखरेखीखाली जीपवर मारून पाहिलं. तळाची फळी चालेल, पुढच्या पावसाळ्याआधी मी तिथे पत्रा बसवून घेईन. ब्रेक डावीकडे ओढतो हे मात्र मला चालणार नाही. मी नवी आहे आणि मला अंधारात चालवायचं आहे. तो गाडी हातात येण्याआधी दुरुस्त झालेला असावा. दुरुस्ती माझ्या खर्चानं, पण आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून, आणि झाल्यावर एकदा गार इंजिनावर मी स्वतः चालवून पाहीन. त्या वेळी माझ्याबरोबर चिंतू ड्रायव्हर असतील. दुसरं कुणी असू नये, आपल्याकडूनही.

किंमत आपण लिहावी. ओळखीची किंवा उपकाराची नको. परक्या माणसाला सांगाल ती.

आपल्या घरी यामुळे बोलणं होईल हे मला दिसतं. माझं "नाही" ऐकून गाडी द्यायला घरातून विरोध झाला आणि आपण तो मानलात, तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर "नाही" एवढंच लिहावं. कारण नको. पण विचार करतो, नंतर कळवतो, असं लिहू नये. तसं उत्तर माझ्याजवळ आधीच एक आहे, आणि त्यात माझे तीन आठवडे आणि एक फियाट गेली.

वीस तारखेला मला साहेबांपुढे उभं राहून हो किंवा नाही सांगायचं आहे. म्हणून उत्तर माझ्या भावाच्या पत्त्यावर न पाठवता वरील पत्त्यावर, सोमवार दिनांक १८ नोव्हेंबरपर्यंत मला मिळेल असं पाठवावं.

कळावे,
नर्मदा रामकिसन मानवतकर